रडू देणारी आशा

ख्रिस्ती दफनविधी संपत आला की एक वाक्य हटकून कानावर पडते. शवपेटी खाली उतरलेली असते, पाळकांची किंवा फादरांची प्रार्थना आटोपलेली असते, लोक मूठमूठ माती टाकून मागे सरत असतात आणि जिचा नवरा गेला तिच्या खांद्यावर हात ठेवून कुणी वडीलधारे म्हणते, "रडू नका बाई, आपल्याला आशा आहे." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याला खरोखरच तिचे दुःख हलके करायचे असते. पण त्या चार शब्दांच्या पोटात एक मोठा दावा दडलेला आहे. आशा आणि आसवे एका घरात नांदत नाहीत. ज्याचा पुनरुत्थानावर विश्वास आहे त्याने डोळे पुसावेत. आणि जो रडतच राहतो त्याचा विश्वास कुठेतरी कच्चा आहे, असा तो दावा. बाई डोळे पुसते. मग घरी गेल्यावर स्वयंपाकघराच्या दाराआड पुन्हा रडते, आणि आता दुःखाच्या जोडीला तिला अपराधीही वाटू लागते. माझे म्हणणे असे की, हा दावा सवयीने ख्रिस्ती झालेला आहे, शास्त्राने नव्हे. ख्रिस्ती आशा मरणाला शत्रू म्हणते. शत्रूने घरातले माणूस ओढून नेले तर रडू येणारच, आणि ते रडू आशेच्या आड येत नाही. ते तिच्याच पोटी जन्मते.

वडीलधाऱ्यांच्या त्या वाक्याचे मूळ पौलाच्या पत्रात आहे. इसवी सन ५०च्या सुमारास पौलाने करिंथहून थेस्सलनीका इथल्या मंडळीला पत्र लिहिले. नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांत ते गणले जाते. तिथली मंडळी अगदी नवी होती, काही महिन्यांची. प्रभू आपल्या हयातीतच परत येणार अशी त्यांची समजूत होती, आणि तेवढ्यात त्यांच्यातली काही माणसे वारली. आता त्यांचे काय, ती मागेच राहिली का, या धास्तीने मंडळी हबकून गेली. पौल त्यांना मरणोत्तर जीवनावर व्याख्यान देत नाही. जे निजले आहेत त्यांना प्रभू सोडून देणार नाही, एवढा निरोप देतो. आणि हे कशासाठी सांगतो, तर ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक तुम्ही करू नये म्हणून. सगळा वाद या 'सारखा' शब्दात आहे. शोक करा, पण त्यांच्यासारखा नको, असा अर्थ लावता येतो. ते शोक करतात तसा तुम्ही करूच नका, असाही लावता येतो. ग्रीक व्याकरण दोन्ही वाटा उघड्या ठेवते आणि जुन्या भाष्यकारांतही दुसरी वाट धरणारे होते, हे कबूल करायला हवे. व्याकरण जिथे थांबते तिथे लिहिणाऱ्याच्या बाकीच्या लिखाणाकडे वळावे लागते. तोच पौल फिलिप्पैच्या मंडळीला आपल्या एपफ्रदीत नावाच्या सहकाऱ्याविषयी लिहितो. हा एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला होता. पौल म्हणतो, देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाही तर माझ्या दुःखात दुःखाची भर पडली असती. म्हणजे एपफ्रदीत गेला असता तर आपल्याला दुःख झाले असते, हे पौल काही न लाजता सांगतो. तो प्रभूजवळ गेला असता, मग दुःख कसले, असे म्हणत नाही. रोमच्या मंडळीला तर रडणाऱ्यांबरोबर रडायला त्याने स्पष्टच सांगितले आहे. प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफनाची गोष्ट येते. मरताना त्याला आकाश उघडलेले दिसले होते. इतकी खात्रीची सद्गती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली असेल? तरीही भक्तिमान माणसांनी त्याला पुरले आणि त्याच्यासाठी मोठा आक्रोश केला, असे लूक नोंदवतो. त्यांचा विश्वास कच्चा होता असे त्याने सुचवलेही नाही.

पण खरा पुरावा बेथानीच्या कबरीपाशी आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय आपल्याकडे दफनाच्या वेळी इतक्यांदा वाचला जातो की त्याच्यातले अवघडपण झिजून गेले आहे. लाजर आजारी असल्याचा निरोप येतो, आणि येशू आहे त्याच जागी आणखी दोन दिवस थांबतो. तो पोहोचतो तेव्हा लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था वाटेतच भेटते आणि तिच्या बोलण्यात विश्वासाइतकाच ठपकाही आहे: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मग तिची बहीण मरिया येते, तेच बोलते आणि पायाशी कोसळते. आता या प्रसंगाकडे सावकाश पाहावे. पुढे काय होणार हे येशूला ठाऊक आहे. आपण त्याला उठवायला निघालो आहोत असे त्याने शिष्यांना आधीच सांगितले आहे. घटका-दोन घटकांत लाजर पायांनी चालत बाहेर येणार. 'रडू नका, आशा आहे' असे म्हणायचा अधिकार सबंध इतिहासात कुणाला असेलच तर त्या क्षणी त्याला होता. तो ते म्हणत नाही. तो रडतो. मूळ ग्रीकमध्ये हे वाक्य अवघे तीन शब्दांचे आहे. मरिया आणि तिच्याबरोबरच्या लोकांच्या रडण्याला योहान मोठ्याने केलेल्या आक्रोशाचे क्रियापद वापरतो. येशूसाठी वेगळे, गालांवरून निःशब्द ओघळणाऱ्या आसवांचे. हे दुसरे क्रियापद सबंध नव्या करारात पुन्हा कुठेही आलेले नाही. आणि त्याच्या जरा आधी आणखी एक शब्द येतो, ज्यापाशी भाषांतरकार नेहमी अडखळतात. तो शब्द घोड्याच्या फुरफुरण्यासाठी, आतून उसळणाऱ्या संतापासाठी वापरला जाई. तेव्हा कबरीसमोर उभ्या राहिलेल्या येशूच्या मनात नुसता कळवळा नव्हता, रागही होता. कुणावर? लोकांच्या अविश्वासावर, असे काही भाष्यकार म्हणतात. मला ते पटत नाही. रडणाऱ्या बहिणींवर चिडून लगेच स्वतः रडायला लागणारा माणूस विचित्रच म्हणायचा. राग मरणावर आहे, असे धरले तरच प्रसंग एकसंध वाचता येतो. जे व्हायला नको होते ते झाले आहे, हे तो जाणतो. आणि ते उलटवण्याची ताकद हातात असूनही झाले ते झालेच, हेही जाणतो. चार दिवस त्या दोघींनी जे भोगले ते लाजराच्या उठण्याने पुसले जाणार नव्हते.

मग आसवांविषयीचा हा संकोच चर्चमध्ये शिरला कुठून? बराचसा ग्रीक-रोमी तत्त्वज्ञांच्या शाळेतून. शहाण्या माणसाने भावनेने हलू नये, हा स्टोइक विचार पहिल्या शतकांतल्या सुशिक्षित ख्रिस्ती लोकांच्या हाडीमाशी खिळला होता. ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'च्या नवव्या पर्वात याची एक हकिकत आहे. इसवी सन ३८७. रोमजवळच्या ओस्तिया बंदरात त्याची आई मोनिका वारली, तेव्हा त्याला तेहतिसावे वर्ष चालू होते. त्याने आईचे डोळे मिटले आणि आपली आसवे बळेबळे आत ढकलली. त्याचा मुलगा आदेओदातुस हंबरडा फोडू लागला तर सगळ्यांनी त्याला गप्प केले, कारण अशा पवित्र मरणाला रडारड शोभत नाही असे सर्वांनाच वाटत होते. दफनाच्या वेळीही ऑगस्टीन रडला नाही. मग तो स्नानगृहात गेला, कारण स्नानाने मनाची तगमग निघून जाते असे त्याने ऐकले होते. अंगाचा घाम गेला. मनातला सल होता तिथेच राहिला. रात्र झोपेत गेली. उठल्यावर, अंथरुणात एकटा असताना, बांध फुटला. आईसाठी आपण तासाचा थोडाच भाग रडलो, असे तो लिहितो, आणि कुणाला त्यात पाप दिसले तर त्याने मला हसू नये, अशी विनवणीही करतो. इतका मोठा माणूस, आणि आईसाठी तासभरही न रडल्याची सफाई देतो आहे! पण पुढे म्हातारपणी 'देवाचे नगर' लिहिताना त्याचे मत पक्के झालेले दिसते. मित्रांच्या मरणाने दुःखी होऊ नये असे ज्याला वाटते त्याने मैत्रीच बंद करावी, अशा आशयाचे तो तिथे सांगतो. स्नानगृहापासून या वाक्यापर्यंत यायला त्याला काही दशके लागली. आपल्याकडे कित्येकांचे पाऊल अजून स्नानगृहातच आहे.

मराठी ख्रिस्ती माणसापुढे यात आणखी एक गुंता आहे, तो 'आशा' या शब्दाचाच. मराठीत हा शब्द निष्कलंक नाही. आशा वेडी असते, ती माणसाला आशाळभूत करते, आशेला मरण नसते असे आपण कपाळाला हात लावून म्हणतो. संतवाङ्मयात आशा-तृष्णा जोडीनेच येतात, आणि दोघींनाही सोडायचे असते. भाषांतरकारांनी नव्या करारातल्या मोठ्या शब्दासाठी हाच शब्द उचलला तेव्हा त्याच्या अंगावरची ही धूळ बरोबर आलीच. त्यामुळे मराठी कान जेव्हा 'ख्रिस्ती आशा' ऐकतो तेव्हा त्याला दोनच शक्यता दिसतात: एक तर ती भाबडी असणार, नाही तर तिने दुःखाच्या पार जाऊन निर्विकार व्हायला हवे. दुसऱ्या शक्यतेला गीतेचा मोठा आधार आहे. जाणते लोक मेलेल्यांसाठी किंवा जिवंतांसाठी शोक करत नाहीत, असे तिथे अर्जुनाला सांगितले आहे, आणि त्यामागे भक्कम तर्क आहे: आत्मा मरतच नाही, तर रडायचे कुणासाठी? बुद्धाने किसा गोतमीला ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मोहऱ्या आणायला पाठवले, ती गोष्टही महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. तिच्यात विलक्षण करुणा आहे. ती बाई दारोदार फिरते आणि तिचे दुःख एकटीचे राहत नाही. या दोन्ही वाटांना कमी लेखण्याचे कारण नाही. शिवाय या मातीतल्या सगळ्या भक्तिपरंपरेला निर्विकार म्हणणेही खोटे ठरेल. ज्ञानेश्वरांच्या समाधीचे नामदेवांनी जे अभंग लिहिले त्यांत आळंदीला जमलेले सगळे संत रडतात, निवृत्तिनाथही व्याकूळ होतात. आत्म्याचे अमरत्व त्यांना कुणी शिकवायला नको होते. रडू आवरत नाही ते नाहीच.

तरी फरक आहे, आणि तो झाकून ठेवण्यात कुणाचा मान राहत नाही. ख्रिस्ती आशा आत्म्याच्या अमरत्वावर उभी नाही. विश्वासांगीकारात आपण दर रविवारी जे म्हणतो ते शरीराच्या पुनरुत्थानाविषयी आहे. पुष्कळ ख्रिस्ती लोकही हे विसरतात आणि 'देह काय, कपडाच' असे सहज बोलून जातात. पण देह कपडाच असता तर मरणात गमावण्यासारखे काहीच नव्हते. आईचा हात, भाकरी थापताना मनगटावर उडणारे पीठ, हाक मारण्याची लकब, हे सगळे देहाचे होते आणि तेच गेले आहे. शरीर पुन्हा उठेल असे जो मानतो त्याने शरीर गमावणे ही खरी हानी असल्याचे आधीच कबूल केलेले असते. म्हणूनच पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. मित्र म्हणत नाही, दार म्हणत नाही, सुटका म्हणत नाही. आपण शोकसभेत या तिन्ही उपमा सर्रास वापरतो. चांगल्या माणसांना देव लवकर बोलावतो, हे वाक्य तर बंदच व्हायला हवे. मुलाच्या आईला ते ऐकवणे म्हणजे तिच्या मुलाच्या चांगुलपणालाच त्याच्या मरणाचे कारण ठरवणे. आणि उठलेल्या येशूच्या अंगावर काय होते ते पाहावे. थोमाला त्याने हातांतले व्रण आणि कुशीतली जखम दाखवली. पुनरुत्थानाने जखम नाहीशी केली नव्हती. नव्या जीवनात काय टिकते याविषयी शुभवर्तमान सांगते त्यातली ही सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

आता बाहेरचा आक्षेप. हे सगळे मनाचे खेळ आहेत. माणसाला मरण सोसवत नाही म्हणून त्याने पुनर्भेटीचे स्वप्न रचले. फ्रॉइडने १९२७ साली धर्माला भ्रम म्हटले तेव्हा भ्रम म्हणजे केवळ चूक, असे त्याला म्हणायचे नव्हते. इच्छेतून उपजलेली समजूत, असा त्याचा नेमका अर्थ होता. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण शोकात मन काय काय रचते हे ज्याने शोक पाहिला आहे त्याला माहीत असते. पण इच्छेने आशा रचली असती तर ती जरा बरी रचली असती. ज्याचे माणूस गेले त्याची इच्छा काय असते? उद्या सकाळी त्याने दार वाजवावे. ख्रिस्ती आशा नेमके तेच देत नाही. ती सांगते की माणूस मेला, तू त्याला पुरलेस, आणि शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहायची आहे. तो दिवस कोणता ते कुणालाही सांगितलेले नाही. शिष्यांची स्थिती तर उलटीच होती. कबरीवरून परतलेल्या बायकांचे बोलणे त्यांना बाष्कळ वाटले. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे आपल्या आशेविषयी भूतकाळात बोलतात: आम्हाला आशा होती. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान संपते ते भेदरून पळालेल्या, कुणाला काही न सांगणाऱ्या बायकांपाशी. इच्छापूर्तीची कथा असा शेवट करत नसते. याने पुनरुत्थान सिद्ध होते का? नाही, आणि होते असा दावा करणाऱ्यांशी मी सहमत नाही. एवढेच म्हणता येते की, ही आशा मनाच्या सोयीने घडल्याची खूण तिच्या अंगावर दिसत नाही. पौलाने तर तिचा गळा स्वतःच्या हाताने सुरीखाली दिला आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा प्रचार पोकळ, तुमचा विश्वास पोकळ, आणि सगळ्या माणसांत आमच्याइतके कीव करण्याजोगे कुणी नाही, असे तो करिंथच्या मंडळीला बजावतो. एखादी गोष्ट घडली की नाही यावर ज्याने सर्वस्व लावले आहे त्याला चूक म्हणता येईल, भ्रमात सुखी म्हणता येणार नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न आतून येतो. आशावंतही तेवढेच रडतो आणि आशाहीनही तेवढेच, तर आशेने फरक काय पडला? मला वाटते, फरक रडण्याच्या प्रमाणात शोधणे हीच चूक आहे. फरक रडणे कुणासमोर आहे यात असतो. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. त्यांतल्या बहुतेक विलापांच्या शेवटी काही ना काही वळण येते, उपकारस्मरणाची एखादी ओळ येते. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात ती येत नाही. ते तक्रारीने सुरू होते, तक्रारीने वाढते, आणि त्याचा मूळ इब्रीतला शेवटचा शब्द अंधार असा आहे. ज्या कुणी हे स्तोत्र संग्रहात राहू दिले त्याचे आभार मानावे तेवढे थोडे. कारण त्या अंधारातही बोलणारा 'तू' म्हणतो आहे. देव आहे आणि तो ऐकतो आहे असे धरल्याशिवाय कुणी इतकी कडवट फिर्याद मांडणार नाही. येशूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, तीही आपल्याला का सोडलेस असे विचारणारीच. ईयोबाचे पुस्तक या बाबतीत फारच स्पष्ट आहे. त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि इथपर्यंत ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि देवाची बाजू मांडायला सुरुवात केली. शेवटी देवाने कुणाला झापले? देवाचे वकीलपत्र घेतलेल्या मित्रांना. त्याच्याशी भांडणारा ईयोबच त्याच्याविषयी नीट बोलला, असा निवाडा त्याने दिला.

यावर कुणी म्हणेल, भांडायलाही बळ लागते. ज्याच्यात तेही उरलेले नाही त्याने काय करावे? असे लोक असतात, आणि प्रत्येक मंडळीत असतात. मूल गेल्यानंतर उपासनेला येऊन गीताच्या वेळी ओठ न हलवणारी माणसे बाकावर बसलेली असतात. त्यांना आशा धरून राहा असे सांगणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहायला सांगणे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला नांगर म्हटले आहे, आणि कोळ्याच्या पोराला विचारले तर तो सांगेल की नांगर होडीत असून चालत नाही. तो होडीच्या बाहेर, न दिसणाऱ्या तळाशी रुतलेला असावा लागतो. आशा ही त्या माणसाच्या मनाची अवस्था असती तर मन खचल्याबरोबर ती संपली असती. ती मनाबाहेर रुतलेली आहे म्हणूनच काही काळ इतरांना त्याच्यासाठी दोर धरता येतो. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वसईच्या गावांतून लोक दफनभूमीत जातात. कबरीवरचे गवत काढलेले असते, फुले ठेवलेली असतात, मेणबत्त्या लागलेल्या असतात. वाऱ्याने विझलेली मेणबत्ती पुन्हा पेटवायला दर वेळी घरचेच माणूस लागते असे नाही. शेजारच्या कबरीपाशी उभा असलेला कुणीही ती पेटवतो. मंडळी म्हणजे काय ते सांगायला याहून मोठी व्याख्या लागू नये.

शेवटचा आक्षेप मार्क्सचा, आणि तो सर्वांत न्याय्य. १८४४ साली त्याने धर्माला लोकांची अफू म्हटले, हे सगळे सांगतात; त्याच परिच्छेदात त्याने धर्माला पिचलेल्या माणसाचा उसासाही म्हटले होते, हे फार थोडे. स्वर्गाची आशा दाखवून या जगातला अन्याय सोसायला लावणे हे चर्चने केले आहे. ते नाकारणे म्हणजे इतिहासाशी खोटे बोलणे. पण ही आशा खरोखर धरली तर ती काय करते, याचा एक दाखला महाराष्ट्रातच आहे आणि तो मला तरी टाळता येत नाही. पंडिता रमाबाईंना खोट्या आशेचे जेवढे ज्ञान होते तेवढे फार थोड्यांना असेल. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांच्या कुटुंबाने व्रते केली, दाने दिली, तीर्थे केली, आणि थोड्या थोड्या अंतराने वडील, आई, थोरली बहीण भुकेने गेली. आईला स्मशानात न्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ, चौथ्या खांदेकरी रमाबाई. आणि उंची कमी पडत असल्याने त्यांना आपला भार खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पटकीने नवरा गेला, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची नवी आशा अफू असती तर पुढच्या दुष्काळांत त्या स्वस्थ बसल्या असत्या. १८९६–९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या 'मुक्ती' या त्यांच्या संस्थेत राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. उपाशी मुलीला स्वर्गाचे वर्णन ऐकवणे आणि तिला ताटावर बसवणे यांतला फरक आईला डोक्यावर वाहून नेलेल्या बाईला कुणी शिकवायची गरज नव्हती.

याच काळात त्यांनी सबंध बायबल मराठीत आणायला घेतले. खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी भाषा हवी म्हणून त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, आणि दीड दशकाहून अधिक काळ हे काम चालले. मनोरमा त्यांचा उजवा हात झाली होती; आईच्या मागे संस्था तीच पाहणार असे सर्वांनी धरले होते. १९२१ साली, चाळिशीत, मनोरमा वारली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, प्रकृती ढासळलेली होती, ऐकू कमी येत होते. भाषांतराचे काम त्यांनी थांबवले नाही. मुद्रिते येत राहिली, त्या तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळे झालेले होते, ग्रंथ मात्र छापून झालेला नव्हता. ते बायबल १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळवणाऱ्या बाया मुक्तीतल्याच होत्या.